वणव्याला दिशा देणारे वारे

फाल्गुन सरत आला की विदर्भातील पानझडी जंगलांचे रूप पालटते. साग, धावडा, तेंदू यांची पाने गळून पडतात, जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर साचतो आणि दुपारच्या वेळी त्यावर पाऊल पडले तरी तो चुरचुरतो. अशाच दिवसांत, ८ एप्रिल २०२१ रोजी, नागझिऱ्याच्या जंगलात लागलेला वणवा विझवताना तीन वनमजुरांना प्राणास मुकावे लागले. आग आटोक्यात येत आहे असे वाटत असतानाच जोराचा वारा सुटला, ती पुन्हा भडकली आणि विझवणारी माणसे ज्वाळांच्या वेढ्यात सापडली.

अशी घटना घडली की पहिला प्रश्न विचारला जातो तो आग कोणी लावली हा. तो रास्तच आहे. आपल्याकडील बहुतेक वणव्यांच्या मुळाशी माणसाचा हात असतो. मोहाखालची जागा फुले वेचण्यासाठी स्वच्छ व्हावी म्हणून पाचोळा पेटवला जातो, तेंदूला कोवळी पालवी लवकर फुटेल या समजुतीने रान जाळले जाते, बांधावरची आग जंगलात शिरते, कोणी विडीचे थोटूक टाकून पुढे जातो. परंतु ठिणगी पडणे आणि वणवा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीच ठिणगी डिसेंबरातील पहाटे पडली तर हातभर जागा काळी करून विझते आणि एप्रिलमधील दुपारी पडली तर डोंगर गिळते. मधला फरक हवामानाचा असतो. म्हणून दुसरा प्रश्नही तितक्याच आग्रहाने विचारला गेला पाहिजे: त्या दिवशी वारा काय करीत होता, आणि तो काय करणार आहे हे आग विझवणाऱ्याला कोणी सांगितले होते काय?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी प्रथम पाचोळा कसा वाळतो ते पाहावयास हवे. वाळलेले पानसुद्धा पूर्णपणे कोरडे नसते. ते भोवतालच्या हवेतील ओलावा घेते आणि परत देते. पहाटे हवेचे तापमान २५ अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता ४० टक्के आहे असे समजू. हवेतील बाष्पाचे प्रमाण तेवढेच राहून दुपारी पारा ४२ अंशांवर गेला, तर हीच आर्द्रता सोळा टक्क्यांच्या खाली उतरते. हवा तीच, बाष्प तेवढेच. केवळ उष्णतेने तिची तहान वाढलेली असते. ही तहान ती पाचोळ्यातून भागवते. पानातील ओलाव्याचे प्रमाण त्याच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास असेल तर आग सहसा पसरत नाही. ते चार-पाच टक्क्यांवर आले की उडून आलेली एखादी ठिणगीही पुरते.

वाळण्याचा वेग वस्तूच्या जाडीवर अवलंबून असतो. गवताचे पाते आणि गळलेले पान हवेशी तासाभरात जुळवून घेते, बोटाएवढ्या काटकीला अर्धा दिवस लागतो, मनगटाएवढ्या फांदीला चार-पाच दिवस, तर आडव्या पडलेल्या ओंडक्याला महिना-दीड महिना. यातून निघणारा अर्थ गावपातळीवर फार महत्त्वाचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पावसाची एखादी सर आली की आठवडाभर तरी आता चिंता नाही, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्या सरीने ओंडके भिजलेले राहतात, पण आग पळवून नेणारा वरचा पाचोळा दुसऱ्या दिवशीच्या उन्हात पुन्हा पेटण्याजोगा होतो.

यावर वारा आला की चित्र पुरे होते. वारा आगीला प्राणवायू पुरवतो, ज्वाळा पुढे झुकवून समोरचा पाचोळा आधीच भाजून काढतो आणि पेटती पाने उचलून जाळरेषेपलीकडे नेऊन टाकतो. चढावर हेच काम उतार करतो. चढ सुमारे दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा वनसंरक्षकांचा ठोकताळा आहे. सह्याद्रीच्या गवताळ उतारांवरील वणवे पायथ्याच्या माणसाच्या डोळ्यांदेखत माथा गाठतात ते यामुळेच. तेथे दुपारनंतर समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा सकाळच्या वाऱ्याची दिशा मोडतो, हेही विसरता येत नाही.

काही वारे मुळातच उष्ण आणि कोरडे असतात. वाळवंटी प्रदेशावरून आलेली हवा कोरडी असणे स्वाभाविक आहे. शिवाय, उंचावरून खाली उतरणारी हवा दाबली जाऊन दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात शरद ऋतूत डोंगराकडून समुद्राकडे धावणारे सांता आना वारे याच प्रकारचे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वायव्येकडून येऊन विदर्भाला भाजून काढणारे वारेही जंगलाला असेच वाळवतात. माणसांना उष्माघात होऊ नये म्हणून त्या दिवसांत इशारे दिले जातात; जंगलाच्या दृष्टीने तेच इशारे तितकेच बोलके आहेत, पण त्या अर्थाने ते क्वचितच वाचले जातात.

उष्ण वाऱ्याने काय होऊ शकते याचे दारुण उदाहरण म्हणून ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील ७ फेब्रुवारी २००९ हा दिवस सांगता येईल. तेथे फेब्रुवारी हा उन्हाळ्याचा महिना. जानेवारीच्या अखेरीस मेलबर्न शहरात सलग तीन दिवस पारा ४३ अंशांच्या वर राहिला होता, त्यामुळे रान आधीच सुकलेले होते. त्या शनिवारी तापमान ४६.४ अंशांवर पोहोचले आणि खंडाच्या कोरड्या अंतर्भागातून वायव्येचा सोसाट्याचा वारा सुटला. त्या एका दिवसाच्या वणव्यांत १७३ माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांहून अधिक घरे जळाली. त्यांपैकी ११९ मृत्यू एकट्या किलमोर ईस्ट येथे सुरू झालेल्या वणव्यातील होते, आणि तुटलेली वीजवाहक तार हे त्या आगीचे कारण होते असे नंतरच्या चौकशीत निष्पन्न झाले.

येथे विशेष लक्ष द्यावयाचे आहे ते संध्याकाळी काय घडले याकडे. दिवसभर वायव्येच्या वाऱ्याने वणवा आग्नेयेकडे धावत होता. अशा वणव्याचा आकार जिभेसारखा असतो: टोक अरुंद, बाजू लांबच लांब. टोकापुढे कोणी उभे राहत नाही. बाजूंची आग मात्र मंद असते आणि माणसे तेथे काम करू शकतात. संध्याकाळी समुद्राकडून थंड हवेची आघाडी आली आणि वारा नैऋत्येचा झाला. एका क्षणात जिभेची ईशान्येकडील संपूर्ण बाजू आगीचे तोंड बनली. समजा, वणवा वीस किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद आहे. तर तीन किलोमीटरची आघाडी वाऱ्याच्या वळणाबरोबर वीस किलोमीटरची होते. थंड वारा लागताच अंगाला बरे वाटते, तापमापकातील पारा झरझर उतरतो, आणि नेमक्या त्याच वेळी वणवा सर्वांत घातक झालेला असतो. केवळ तापमानावरून धोक्याचे माप काढणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे असे आहे.

त्याच दिवशी आणखी एक विलक्षण गोष्ट घडली. वणव्याच्या उष्णतेने वर गेलेल्या धुराचे प्रचंड ढग बनले, त्यांत विजा चमकू लागल्या, आणि त्या विजांनी मूळ आगीपासून शंभर किलोमीटरच्या आसपास नव्या आगी लावल्या. आगीने स्वतःचे वादळ तयार केले म्हणावयाचे.

कोरडे वादळ म्हणजे काय ते यावरून लक्षात येईल, जरी बहुतेक कोरडी वादळे आगीतून जन्मत नाहीत. उन्हाळ्यात जमिनीलगतची हवा अतिशय कोरडी असते, पण उंचावर थोडे बाष्प येऊन पोहोचते. तेथे गडगडाटी ढग तयार होतो, त्याचा तळ जमिनीपासून बराच उंच असतो. त्यातून पाऊस पडू लागतो खरा, मात्र वाटेतील कोरड्या हवेत तो विरून जातो. लांबून पाहिले तर ढगाखाली करड्या रंगाच्या झालरी लोंबताना दिसतात, त्या जमिनीला टेकत नाहीत. वीज मात्र टेकते. पाऊस अडीच मिलिमीटरहून कमी आणि वीजपात भरपूर, अशा वादळाला अमेरिकेत कोरडे वादळ म्हणण्याची प्रथा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये, पूर्व प्रशांत महासागरातील एका विरत चाललेल्या चक्रीवादळाचे बाष्प कॅलिफोर्नियावर आले आणि काही दिवसांत त्या राज्यात बारा हजारांहून अधिक विजा पडल्या. त्यांतून सहाशेहून अधिक वणवे पेटले. राज्याच्या उत्तर भागातील अशा अनेक आगी एकमेकींना मिळून एकच वणवा झाला आणि तो दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्र जाळून गेला. विजेची आग फसवीही असते; ती झाडाच्या पोकळ बुंध्यात दोन-चार दिवस धुमसत राहते आणि सर्व शांत आहे असे वाटत असताना एखाद्या वाऱ्याच्या दुपारी बाहेर पडते.

आपल्या राज्यात विजेने लागणारे वणवे थोडेच. वळवाच्या विजांबरोबर बहुधा पाऊसही येतो. मग कोरड्या वादळाचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध विजेचा नाही, वाऱ्याचा आहे. कोरड्या हवेत पाऊस विरतो तेव्हा ती हवा थंड होते. थंड म्हणून जड होते. जड म्हणून वेगाने खाली कोसळते आणि जमिनीला आपटून चहूकडे पसरते. ढगापासून कितीतरी किलोमीटर अंतरावर, जेथे डोक्यावर ऊन आहे आणि पावसाचा थेंब नाही, तेथे हा वारा अचानक येऊन थडकतो. एप्रिल-मेच्या दुपारी क्षितिजावर ढग दिसावेत, क्षणभर सारे निश्चल व्हावे आणि मग धुळीचा लोट अंगावर यावा, हा अनुभव विदर्भ-मराठवाड्यात कोणाला नवा आहे? शेतकरी त्या वाऱ्यात पावसाची चाहूल घेतो. वणव्यासमोर उभ्या असलेल्या मजुराला तोच वारा कोणत्याही दिशेने गाठू शकतो, कारण त्याची दिशा दिवसभराच्या वाऱ्यावर अवलंबून नसून ढग कोठे आहे यावर ठरते.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात यार्नेल गावाजवळ २०१३ साली हेच घडले. २८ जून रोजी वीज पडून लागलेली आग सुरुवातीस अगदी लहान होती. ३० जूनच्या दुपारी जवळच्या गडगडाटी ढगांतून सुटलेल्या वाऱ्याने तिला दक्षिणेकडे वळवले. तेथे काम करणारे प्रशिक्षित अग्निशामकांचे एक पथक तोपर्यंत जळून गेलेल्या, म्हणजे सुरक्षित, जागेत होते. ती जागा सोडून ते एका शेतवस्तीकडे निघाले आणि वाटेतील झुडपी दरीत आगीने त्यांना गाठले. एकोणीस जण दगावले. टेहळणीसाठी वेगळा ठेवलेला एक जण तेवढा बचावला. त्यांनी ती जागा का सोडली हे चौकशीतही उलगडले नाही. पण एवढे स्पष्ट झाले की ढगांकडून जोराचे वारे येणार असल्याची सूचना हवामान कार्यालयाने त्या दुपारी दिली होती. साधने, प्रशिक्षण, बिनतारी संच यांपैकी कशाचीही त्यांना वाण नव्हती.

नागझिरा आणि यार्नेल यांत जंगल वेगळे, साधने वेगळी, आगीचे मूळही वेगळे. तरी दोन्हीकडे विझवणाऱ्याच्या जिवावर बेतले ते वाऱ्यामुळे. आणि वारा ही हवामानशास्त्राला काही तास अगोदर सांगता येणारी गोष्ट आहे.

धोक्याचे मोजमाप करण्याचा प्रयत्न ऑस्ट्रेलियात ॲलन मॅकार्थर या वनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यानंतर केला. तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि पावसाअभावी आलेली शुष्कता यांवरून एक अंक काढावयाचा, आणि १३ जानेवारी १९३९ रोजी व्हिक्टोरियात झालेल्या भीषण वणव्यांच्या दिवसाला शंभर मानावयाचे, अशी ती रीत होती. २००९ च्या त्या शनिवारी हा अंक शंभराच्या बराच पुढे गेला आणि मोजपट्टीत ‘महाविनाशक’ अशी नवी पायरी घालावी लागली. अमेरिकेत उष्ण, कोरडा वारा किंवा कोरडे वादळ अपेक्षित असले की हवामान खाते लाल निशाणाचा इशारा देते. अशा दिवशी उघड्यावर काहीही जाळू नये असे आवाहन करण्यात येते.

आपल्याकडे देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या साह्याने वणव्यांची ठिकाणे शोधून वन कर्मचाऱ्यांना भ्रमणध्वनीवर कळवते. कोणाही नागरिकास नोंदणी करून ही सूचना मिळवता येते, हे अनेक ग्रामपंचायतींना ठाऊक नसते. ही व्यवस्था मोलाची आहेच, परंतु तिची मर्यादा ओळखली पाहिजे. यासाठी वापरले जाणारे ध्रुवीय कक्षेतील उपग्रह दिवसातून ठरावीक वेळांनाच आपल्यावरून जातात; त्यांतील अधिक बारकाईने पाहणारे दुपारी दीडच्या सुमारास आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास. दुपारी अडीच-तीनला लागलेली आग, म्हणजे सर्वांत वाईट वेळेची आग, त्यांना रात्रीच दिसण्याचा संभव असतो. टेकडीवर बसवलेला माणूस आणि गावातून दिसणारा धूर यांची जागा अद्याप कशानेही घेतलेली नाही.

हवामानाची माहिती मिळण्यास मात्र आता अडचण नाही. भारतीय हवामान विभाग जिल्हावार अंदाज देतो, पुढील तीन तासांत मेघगर्जना व सोसाट्याचा वारा संभवतो काय हेही सांगतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील साधन आपल्यापासून वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना देते. ते माणसांचे व गुरांचे प्राण वाचावेत यासाठी आहे. परंतु ज्या दिवशी शिवारातील रान पेटलेले आहे त्या दिवशी ‘दामिनी’ने दाखवलेली वीज म्हणजे वारा फिरणार असल्याची वर्दी आहे. ती वाचून विझवणाऱ्या टोळीपर्यंत पोहोचवणारा कोणीतरी गावात हवा, कारण दरीत उतरलेल्या मजुराच्या भ्रमणध्वनीला बहुधा संपर्क मिळत नाही.

हा ‘कोणीतरी’ कोण, याचे उत्तर काही अंशी कायद्यातच आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ अन्वये राखीव किंवा संरक्षित वनात ज्यांचे हक्क आहेत किंवा ज्यांना तेथून वनोपज नेण्याची परवानगी आहे, त्यांच्याबरोबरच लगतच्या गावात शासनाची नोकरी करणारी किंवा लोकसेवेसाठी शासनाकडून वेतन घेणारी व्यक्तीही वणव्याची माहिती देण्यास आणि तो विझवण्यास मदत करण्यास बांधील आहे. त्यासाठी वनाधिकाऱ्याने सांगण्याची वाट पाहावयाची नाही. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांनी हे कलम एकदा वाचावे. मदत म्हणजे ओली डहाळी घेऊन ज्वाळेसमोर धावणे एवढाच तिचा अर्थ नाही. किंबहुना ज्याला आगीची सवय नाही त्याने तसे करूच नये. उंच जागी थांबून ढग आणि धूर यांवर नजर ठेवणे, अंदाज वाचणे, आणि शिटी, ढोल किंवा ठरवलेली हाक यांनी खाली सूचना देणे, हे काम तितकेच निकडीचे आहे आणि ते बहुधा कोणाकडेही सोपवलेले नसते.

जे प्रत्यक्ष विझवतात त्यांच्यापैकी अनुभवी माणसांना पुढील गोष्टी पाठ असतात, पण दर हंगामात टोळीत नवी माणसे येतात. आगीच्या तोंडासमोर न जाता मागून आणि बाजूने काम करावे. आगीच्या वर, चढावर, उभे राहू नये. जळून काळी झालेली जागा कोठे आहे आणि तेथे कोणत्या वाटेने जावयाचे हे काम सुरू करण्यापूर्वी ठरवावे. वारा पडला, ढग जवळ आले किंवा अंगाला एकाएकी गारवा लागला की हातातले काम तसेच सोडून त्या काळ्या जागेत यावे. दुपारी बारा ते चार या वेळात मोठ्या आगीशी झुंजण्यापेक्षा तिच्या वाटेतील पाचोळा दूरवर बाजूला करणे शहाणपणाचे ठरते. पहाटे आर्द्रता वाढते, वारा मंदावतो, ज्वाळा गुडघ्याखाली येतात. दुपारी वीस जणांना न आवरलेली आग तेव्हा सहा-सात जण आवरतात.

राहता राहिला प्रश्न जाळण्याचा. जाळरेषा फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी जाळून घेण्याचे काम वनविभाग करतो, कोकणात भातशेतीसाठी राब भाजले जातात, बांध साफ केले जातात. हे सारे एकदम बंद होईल असे मानणे व्यवहाराला धरून नाही. पण अमुक दिवशी जाळू नये हे ठरवणे ग्रामसभेच्या हाती आहे, आणि ते पंचांगात नसले तरी हवामानाच्या अंदाजात असते. शाळेच्या आवारात ओल्या व कोरड्या पाऱ्याचा तापमापक आणि एक साधे वातकुक्कुट असेल तर रोज दुपारचे आकडे मुलेच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहू शकतील. आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली आणि वारा झाडांच्या लहान फांद्या सतत हलवण्याइतका, असे दोन्ही एकत्र आले की त्या फळ्यावर ‘आज जाळणे बंद’ एवढे शब्द लिहिले जावेत. मोहफुलांचा हंगाम मार्चमध्ये सुरू होतो. त्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घेता येईल.